सनदेचा खर्च: घेताना किती, टिकवताना किती (महाराष्ट्र-गोव्यातल्या नव्या वकिलांसाठी)

एलएलबीचा निकाल हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: सनदेला किती लागतात? कॉलेजात एक आकडा ऐकू येतो, सिनियर आपल्या काळचा दुसरा सांगतात आणि कोर्टाबाहेरचा झेरॉक्सवाला "सगळं करून देतो" म्हणत तिसराच सांगतो. कोणी मुद्दाम फसवत असतं असं नाही. चार वेगवेगळ्या खात्यांचे पैसे एकत्र मिसळून बोलले जातात, त्यामुळे घोळ होतो.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. आपल्याकडे सनदेचं दरवर्षी नूतनीकरण होत नाही. न्यूयॉर्कमध्ये वकिली करणाऱ्या मराठी माणसाला दर दोन वर्षांनी, वाढदिवसाच्या सुमारास ३७५ डॉलर भरून नोंदणी पुढे चालू ठेवावी लागते. इथे राज्य बार कौन्सिलच्या पटावर एकदा नाव चढलं की ते काढेपर्यंत पटावर राहतं. मुदत असते ती प्रॅक्टिस करण्याच्या अधिकाराला, आणि तो जिवंत ठेवायला थोडे पैसे आणि बरीच शिस्त लागते.

१. आधी खाती वेगळी करा

कोणीही आकडा सांगितला की विचारा, "हे कशाचे?" उत्तर या चारपैकी एकात बसलं पाहिजे:

- नोंदणी शुल्क: राज्य बार कौन्सिल आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया यांना, आयुष्यात एकदाच.
- परीक्षा शुल्क: ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजे एआयबीई, साठी बार कौन्सिल ऑफ इंडियाला.
- कल्याण निधी: नोंदणीनंतर, ठरावीक काळाने.
- बार असोसिएशनची वर्गणी: तालुका, जिल्हा किंवा उच्च न्यायालयातल्या वकील संघाला.

शेवटच्या खात्यावरून नवखे हमखास फसतात. बार कौन्सिल ही ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली स्थापन झालेली वैधानिक संस्था आहे आणि सनद तीच देते. बार असोसिएशन म्हणजे त्या त्या कोर्टातल्या वकिलांची संघटना. असोसिएशनची प्रवेश फी आणि वार्षिक वर्गणी ती संघटना ठरवते, बसायची जागा, लायब्ररी, लॉकर अशा सोयीही तिच्याकडेच असतात. पण असोसिएशनची पावती म्हणजे सनद नव्हे, आणि सनदेच्या अर्जाबरोबर ती भरणं सक्तीचं नाही.

महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची हद्द महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव इतकी आहे. मुख्य कार्यालय मुंबईत फोर्टला. पणजीत प्रॅक्टिस करायची असली तरी अर्ज याच कौन्सिलकडे करायचा.

२. नोंदणी शुल्क: ७५० रुपये, आणि तेवढेच

ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४(१)(फ) मध्ये आकडा सरळ लिहिलेला आहे. राज्य बार कौन्सिलला ६०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांसाठी जातीच्या दाखल्यावर १०० आणि २५, म्हणजे एकूण १२५. यावर कायद्याप्रमाणे लागू असेल ते मुद्रांक शुल्क, पण ते सरकारच्या तिजोरीत जातं, कौन्सिलकडे नाही. हे आकडे १९९३ च्या दुरुस्तीपासून तसेच आहेत आणि ते बदलायचे तर संसदेलाच बदलावे लागतील. कौन्सिलच्या ठरावाने बदलत नाहीत.

मग लोक पंधरा-वीस हजार कुठले सांगतात? ते खोटं बोलत नाहीत, जुनं सांगतात. ३० जुलै २०२४ पूर्वी देशभरातल्या कौन्सिल अर्जाचा फॉर्म, प्रक्रिया शुल्क, पडताळणी, ओळखपत्र, लायब्ररी, इमारत निधी, कल्याण निधी असं सगळं नोंदणीच्या वेळीच घेत असत. एकूण रक्कम राज्यानुसार साधारण १५,००० ते ४२,००० रुपयांपर्यंत जात होती. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने सांगितलं, की नोंदणीच्या टप्प्यावर कलम २४(१)(फ) मधल्या रकमेपलीकडे आणि मुद्रांक शुल्कापलीकडे काहीही घेता येणार नाही, त्याला नाव कोणतंही द्या.

या निकालातल्या तीन गोष्टी नीट समजून घ्या, कारण काउंटरवर त्याच कामाला येतात.

पहिली: निकाल पुढच्या काळासाठी आहे. त्याआधी ज्यांनी जास्त भरले त्यांना परतावा नाही. तुमच्या मोठ्या भावाचे पंधरा हजार परत मिळतील अशा आशेवर राहू नका.

दुसरी: "ऐच्छिक" या नावाखालीही रक्कम घेता येत नाही. कर्नाटकातल्या अशा वसुलीवरून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली, तेव्हा न्यायालयाने ऐच्छिक असं काही नसतं हे स्पष्ट केलं.

तिसरी, जी फारसं कोणी सांगत नाही: नोंदणी झाल्यावर वकिलांना दिलेल्या सेवांसाठी कायद्याच्या चौकटीत शुल्क घ्यायला कौन्सिलला मोकळीक आहे. म्हणजे ७५० मध्ये आयुष्यभराचं सगळं आटोपत नाही. ओळखपत्र, दुय्यम प्रत, प्रमाणपत्रं यांचे पैसे नंतर लागू शकतात. अडचण त्या पैशांची नाही. "हे भरल्याशिवाय सनद नाही" ही अट बेकायदा आहे.

पैसे भरताना दोन्ही संस्थांची रक्कम वेगळी दिसली पाहिजे. कायद्यात बँक ड्राफ्टचा उल्लेख आहे. ऑनलाइन भरणा केलात तर पावतीची पीडीएफ आणि बँकेचा व्यवहार क्रमांक त्याच दिवशी जपून ठेवा. एजंटच्या खात्यावर किंवा यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. तुमच्या नावाची पावती नसेल, तर कौन्सिलच्या लेखी तुम्ही काही भरलेलंच नसतं.

३. कागदपत्रं, आणि नावाचं दुखणं

साधारण लागणारा संच असा:

- दहावीची मार्कशीट व प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची मार्कशीट
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- तीन वर्षांच्या एलएलबीवाल्यांसाठी पदवीच्या सर्व वर्षांच्या मार्कशीट व पदवी प्रमाणपत्र
- एलएलबीच्या सर्व सत्रांच्या मार्कशीट, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र
- आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा
- पांढरा शर्ट किंवा सलवार-कुर्ता/साडी, काळा कोट आणि बँड घातलेले फोटो
- जातीचा दाखला (१२५ रुपयांचं सवलतीचं शुल्क भरायचं असेल तर)
- वकिलांनी दिलेले चारित्र्याचे दाखले
- प्रतिज्ञापत्रं: नोकरी किंवा व्यवसाय करत नाही, फौजदारी गुन्हा प्रलंबित आहे किंवा नाही, दुसऱ्या राज्यात नोंदणी नाही

एटीकेटी लागून नंतर सुटलेल्या विषयांच्या दोन्ही मार्कशीट लावा, नापासाचीसुद्धा. ती लपवली की सत्रांचा हिशेब जुळत नाही आणि अर्ज त्रुटीत जातो.

आता नाव. छाननीत सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, पुढे आईचं नाव. विद्यापीठाच्या पदवीवर क्रम उलटा. आधारवर वडिलांचं नाव गायब किंवा फक्त आद्याक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक "ए", दुसऱ्यावर दोन. क्रमाचा फरक प्रतिज्ञापत्रावर निभावतो. स्पेलिंगचा फरक कधी निभावतो, कधी नाही. पण लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललं असेल आणि सनद नव्या नावावर हवी असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी दोन्ही आधी हातात ठेवा. राजपत्राचं काम अर्जाच्या आधी उरका, त्याला वेळ लागतो. सनदेवर चढलेलं नाव पुढे वकीलपत्र (अशिलाने वकिलाला दिलेलं अधिकारपत्र), बँक खातं, एआयबीईचं प्रमाणपत्र, न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा अर्ज अशा सगळीकडे जातं. नंतर दुरुस्त करायचं म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज.

अपात्रतेचे दोन मुद्देही आधीच तपासा. बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे त्यावर घेतलेली एलएलबी नोंदणीसाठी चालत नाही. एलएलबीच्या काळातच दुसरा नियमित पदवी अभ्यासक्रम केला असेल तरी अडचण येते. हे छाननीत उघडं पडतंच. दडवून पुढे सापडलं तर सनदच धोक्यात येते.

४. अर्ज, छाननी आणि त्रुटी

अर्ज कौन्सिलच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा. फॉर्ममधला पत्ता टपाल पोचेल असा द्या, हॉस्टेलचा नको. ईमेल आणि मोबाइलही स्वतःचे द्या, झेरॉक्सवाल्याचे नकोत. त्रुटीचं पत्र दिलेल्या पत्त्यावरच येतं, आणि महिनोन्महिने "अजून काही कळलं नाही" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचं पत्र भलत्याच इनबॉक्समध्ये पडलेलं असतं.

प्रती साक्षांकित करून घ्या, मूळ कागद तपासणीसाठी बरोबर न्या, पण मूळ मार्कशीट कुणाच्या ताब्यात देऊ नका. संपूर्ण संचाची एक स्कॅन प्रत स्वतःकडे ठेवा, पानांना क्रमांक घालून.

पदवीच्या पडताळणीसाठी कागद विद्यापीठाकडे जातात. १० एप्रिल २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांनी आणि परीक्षा मंडळांनी ही पडताळणी विनाशुल्क करावी असं सांगितलं आहे. "विद्यापीठाचं व्हेरिफिकेशन" या नावाने कोणी वेगळे पैसे मागितले तर हे लक्षात असू द्या.

त्रुटी निघाली तर मुदतीत पूर्तता करा आणि पोच घ्या. अर्ज फेटाळण्यापर्यंत गोष्ट जाऊ देऊ नका. कलम २६ प्रमाणे अर्ज नाकारायचा असेल तर नोंदणी समितीला कारणांसह प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पाठवावं लागतं. आणि एकदा नाकारला गेला की कलम २७ मुळे दुसऱ्या राज्याची कौन्सिल, पहिल्या कौन्सिलच्या आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या लेखी संमतीशिवाय, तुमचा अर्ज हातात घेत नाही. "इथे नाही झालं तर तिकडून काढू" हा सल्ला म्हणूनच घातक आहे.

५. एआयबीई: दोन वर्षांचं घड्याळ

२००९-१० पासून पुढे पदवी घेतलेल्यांना सनद मिळाल्यावर ही परीक्षा पास व्हावी लागते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली, तेव्हा टाळता येईल का या चर्चेत आता वेळ घालवू नये. सुरुवातीची नोंदणी तात्पुरती असते आणि दोन वर्षांत एआयबीई पास व्हावं लागतं. मुदत उलटली तर नाव पटावरून जात नाही, पण पास होईपर्यंत स्वतःच्या वकीलपत्रावर उभं राहता येत नाही.

शुल्क अलीकडच्या परीक्षांना खुल्या व ओबीसी उमेदवारांसाठी ३,५००, अनुसूचित जाती-जमातींसाठी २,५०० रुपये होतं. प्रत्येक प्रयत्नाला पुन्हा भरावं लागतं, म्हणजे या सगळ्या व्यवहारात खिशाला खरी चाट इथे बसते. प्रश्न १००, सगळे बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. उत्तीर्णतेला खुल्या व ओबीसी गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. परीक्षा मराठीतही देता येते.

टिपा नसलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेली पुस्तकं, आत नेता येतात. टिपा, केसेस किंवा पेन्सिलच्या खुणा असलेलं पुस्तक दारावरच काढून घेतात, मग सगळा पेपर आठवणीवर. कोरी प्रत वेगळी घ्या.

६. नोंदणीनंतर टिकवण्याचे पैसे

इथे रकमा छोट्या आहेत आणि म्हणूनच विसरल्या जातात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४० प्रमाणे प्रत्येक वकिलाने राज्य कौन्सिलला दर तीन वर्षांनी ३०० रुपये कल्याण निधीसाठी भरायचे आहेत. त्याऐवजी एकदाच १,००० रुपये भरून आजन्म मोकळं होण्याची सोय त्याच नियमात आहे. तीन वर्षांची तारीख लक्षात ठेवण्यापेक्षा हजार रुपये भरून टाका. थकले तर नियम ४२ प्रमाणे सचिव नोटीस काढतात: तुमचा प्रॅक्टिसचा अधिकार निलंबित का करू नये, एका महिन्यात सांगा. त्या मुदतीत महिन्याला ५ रुपये, जास्तीत जास्त ३० रुपये, विलंब शुल्कासह भरलं की प्रकरण मिटतं. म्हणजे दंड तीस रुपयांचा, पण नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि हाती पडलीच नाही तर निलंबन.

महाराष्ट्राचा स्वतःचा ॲडव्होकेट्स वेल्फेअर फंड ॲक्ट, १९८१ वेगळा आहे. त्याचं सदस्यत्व अर्ज करून घ्यावं लागतं, सनदेबरोबर आपोआप मिळत नाही. वकीलपत्रावर लावायचं कल्याण निधीचं तिकीट याच कायद्याचं. कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि हे राहिलं, की फाइलिंगला वकीलपत्र परत येतं. काही तिकिटं बॅगेत ठेवा. मृत्यू किंवा गंभीर आजारात कुटुंबाला मिळणारी मदत सदस्यत्वावर अवलंबून असते, तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका.

७. पाच वर्षांनी पडताळणी

नूतनीकरण म्हणावं असं काही असेल तर ते हे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या प्रॅक्टिस प्रमाणपत्र आणि पडताळणीच्या नियमांनुसार प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षं. त्यानंतर पुन्हा फॉर्म, पुन्हा पदव्यांच्या प्रती, आणि खरोखर वकिली करता याचा पुरावा.

गोंधळ असा की एआयबीई पास झाल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रालाही लोक सीओपी (सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस) म्हणतात आणि पडताळणीनंतरच्या प्रमाणपत्रालाही. काउंटरवर नुसतं "सीओपी काढायचंय" म्हटलं तर भलताच फॉर्म हातात पडतो. कोणतं ते स्पष्ट सांगा.

पुराव्यासाठी पहिल्या वर्षापासून फाइल लावा. दरवर्षी तुमचं नाव असलेली पाच-सहा वकीलपत्रं, त्यांचे रोजनामे (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाची नोंद) किंवा आदेशांच्या प्रती. सिनियरकडे असताना नाव वकीलपत्रावर येतच नाही, फक्त सिनियरचं जातं. हे टाळायचं असेल तर सिनियरना आताच सांगा, "सर, वकीलपत्रावर माझंही नाव आणि सही घेऊ का?" बहुतेक जण हो म्हणतात. पाच वर्षांनी ई-कोर्टवर, म्हणजे कोर्टांच्या ऑनलाइन नोंदींत, स्वतःचं नाव शोधायला बसलात तर तिथे सिनियरचंच दिसेल.

८. पत्ता, नोकरी, दुसरं राज्य

कायमचा पत्ता बदलला तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत कौन्सिलला कळवायचं.

पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे तसं कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवायची. कळवताना मूळ सनद जमा करावी लागते. नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पोच सांभाळा, कारण नोकरी सोडून परत प्रॅक्टिस सुरू करायचा अर्ज त्याच कागदावर उभा असतो. नोकरी करत सनद खिशात ठेवणारे खूप आहेत, पण तक्रार झाली की शिस्तभंगाची कारवाई होते. मग "सगळेच करतात" हा बचाव चालत नाही.

दुसऱ्या राज्यात कायमचं जायचं असेल तर नवी नोंदणी करू नका. एका वेळी एकाच राज्याच्या पटावर नाव असू शकतं. कलम १८ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे बदलीचा अर्ज करा. नाव "कोणतंही शुल्क न घेता" हलवलं जाईल असे शब्द त्या कलमातच आहेत.

९. जास्त पैसे मागितले तर

काउंटरवर भांडू नका. समोरचा कर्मचारी हा आकडा ठरवत नाही. शांतपणे तीन गोष्टी मागा: रक्कम कोणत्या कलमाखाली, पावती मिळेल का, आणि नाही भरली तर अर्ज नाकारल्याचं लेखी मिळेल का. बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नालाच रक्कम आपोआप कमी होते.

नाही झाली तर सचिवांच्या नावे एका पानाचं पत्र द्या. मजकूर एवढा पुरे: "मी दिनांक अमुक रोजी नोंदणीसाठी अर्ज केला आहे. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४(१)(फ) प्रमाणे ६०० व १५० रुपये आणि लागू असलेलं मुद्रांक शुल्क भरलं आहे. त्याव्यतिरिक्त अमुक रुपये मागण्यात आले आहेत. गौरव कुमार प्रकरणातील ३० जुलै २०२४ चा निकाल पाहता ही मागणी कोणत्या तरतुदीखाली आहे ते लेखी कळवावे." आवक क्रमांकाचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क. कौन्सिल संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली असल्याने तो तिला लागू आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न एकच विचारा: नोंदणीच्या वेळी सध्या घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेचं शीर्षक, रक्कम आणि ज्या ठरावाने ती लागू झाली त्याची प्रत द्यावी.